पठारावरचा वारा, मन्नारचं पाणी : काईटसर्फिंगच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, साक्री

आजपासून वही सुरू. काम तिघांचं : मी, नवापूरकडे आश्रमशाळेवर शिकवणारा मामेभाऊ आणि धुळ्याला कॉलेजात असलेली भाची. काईटसर्फिंग, म्हणजे मोठ्या काईटच्या ओढीने पायाखालच्या फळीवर (बोर्डवर) उभं राहून पाण्यावरून सरकणं, नीट शिकायचं, पावसाळ्यात तामिळनाडूच्या किनाऱ्याने प्रवास करत समुद्रात उतरायचं, आणि परतल्यावर इथल्या पोरापोरींना निदान जमिनीवरचा पहिला टप्पा शिकवता येईल इतकं ते अंगात मुरवायचं.

खान्देशाला समुद्र नाही, पण वारा आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सह्याद्रीचे फाटे आणि मधून पश्चिमेला सुरतेकडे जाणारी तापी. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा याच मोकळ्या वाटेने आत शिरतो आणि साक्रीच्या पठारावर चढतो. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या तिथे उभ्या राहिल्या त्या या वाऱ्यासाठी. माझी रोजीरोटी चक्क्यांच्या देखभालीवर आहे. वर नॅसेलच्या, म्हणजे मनोऱ्याच्या टोकावरच्या यंत्रपेटीच्या पाठीवर दोन लहान यंत्रं असतात, एक वाऱ्याचा वेग सांगतं, दुसरं दिशा. सेकंदाला साडेतीन-चार मीटर वारा आला की पाती वीज देऊ लागतात, पंचविसाच्या आसपास गेला की मशीन स्वतःहून थांबतं. रोज हे आकडे बघणाऱ्याला वाऱ्याचा स्वभाव कळायला लागतो.

काईटसर्फिंग पाण्याचा खेळ म्हणून ओळखला जातो. मला तो आधी वाऱ्याचा खेळ वाटतो, आणि त्याचा निम्मा अभ्यास साक्रीत होण्यासारखा आहे. उरलेला निम्मा समुद्राशिवाय होणार नाही, आणि तो कुठल्याही धरणात उरकायचा नाही. हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, कारण मामेभावाचा डोळा उकाईच्या फुगवट्यावर आहे.

१६ फेब्रुवारी

मैदान पाहिलं. गावाबाहेरचा माळ, पश्चिमेला उतार, तारा नाहीत, झाडं विरळ. विजेच्या तारा दिसल्या की ती जागा बाद, मग ती कितीही सपाट असो.

वाऱ्याच्या दिशेला एखादा अडथळा असेल तर त्याच्या उंचीच्या किमान दहापट अंतर सोडून उभं राहायचं, असा नियम धरलाय. पाच मीटरची भिंत असेल तर पन्नास मीटर. अडथळ्यामागे वारा नुसता कमी होत नाही, तो भोवरे करत येतो. रावेरला मावशीच्या केळीबागेत हे चांगलं दिसतं. बागेभोवती शेवरीची दाट ओळ असते. ओळीच्या अगदी मागे पानं स्वस्थ असतात, थोडं पुढे गेलं की एक पान पूर्वेला लवतं आणि शेजारचं उलट्या बाजूला. काईट अशा जागी सापडला तर एका क्षणी दोऱ्या सैल आणि दुसऱ्या क्षणी खांद्याला हिसका.

हातातलं मोजणीयंत्रही तपासून घेतलं. वर ऐंशी मीटरवर चक्की सेकंदाला ९ मीटर दाखवत होती तेव्हा माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर ५ च्या आसपास. जमीन वाऱ्याला घासून धरते, म्हणून खाली वेग कमी. काईट जमिनीपासून वीसेक मीटर वर जातो तेव्हा त्याला लागणारा वारा आपल्या अंगाला लागणाऱ्यापेक्षा जास्तच असतो. अंगाला बरं वाटतंय म्हणून मोठा काईट काढायचा नाही.

९ मार्च

ट्रेनर काईट, म्हणजे जमिनीवरच्या सरावाचा लहान काईट आला. तीन चौरस मीटरचा, दोन दोऱ्यांचा, आत हवा भरून फुगणारा कापडी काईट. कापड हातात घेतलं की त्यावर बारीक चौकडी दिसते. ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो, म्हणजे भोक पडलं तरी फाट पुढच्या चौकटीशी अडते. दोऱ्या सुतळीपेक्षा बारीक, पण ताणल्या की तारेसारख्या कडक होतात, म्हणून उघड्या हाताने त्या धरायच्या नाहीत. संक्रांतीला मांज्याने बोट कापून घेतलेल्या माणसाला हे दोनदा सांगावं लागत नाही.

आजचा सगळा वेळ एकाच गोष्टीला दिला : विंडो. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. समोर अर्ध्या घुमटासारखा भाग असतो, त्यातच काईट उडू शकतो. डोक्यावर बारा वाजलेले, डाव्या हाताला कडेला नऊ, उजव्या हाताला तीन. या कडेवर काईट गेला की शांत होतो, ओढ नावापुरती. घुमटाच्या पोटात, तोंडासमोर खाली आला की पूर्ण ताकदीने ओढतो. शिकणाऱ्याने आधी कडा ओळखायच्या आणि बरीच आवर्तनं कडेकडेनेच हिंडायचं. भाचीने डोळे मिटून नऊपासून तीनपर्यंत फिरवला आणि बारावर थांबवला. बारवर, म्हणजे दोऱ्या जोडलेल्या हातातल्या दांडीवर, किती भार आहे यावरून काईट कुठे आहे ते तिला कळत होतं. पाण्यात डोळ्यांत खारट पाणी असताना नेमकं हेच लागणार आहे.

मामेभावाने विचारलं, तोच वारा, तोच काईट, मग खाली सोडल्यावर एवढी ताकद येते कुठून? चक्कीच्या पात्याचंच गणित आहे. पातं वाऱ्याला आडवं कापत जातं, त्यामुळे त्याला मूळ वाऱ्यापेक्षा कितीतरी वेगवान वारा लागतो. मोठ्या चक्कीच्या पात्याचं टोक ताशी अडीचशे किलोमीटरने फिरत असतं, तेव्हा बाहेर वारा असतो तीस-पस्तीसचा. काईटही स्थिर असला तर मूळ वाऱ्यावर जगतो, आणि आठच्या आकड्यात फिरवला की स्वतःचा वारा स्वतः तयार करतो. पतंग उडवणाऱ्याला हे नवीन वाटतं, कारण पतंगात आपण ढील देऊन उंची मिळवतो. इथे दोरी जितकी आहे तितकीच, खेळ सगळा दिशेचा.

२३ मार्च

बाभळीचा काटा. कापडात वीतभर फाट. साक्रीत ताडपत्र्या शिवणाऱ्या मामांनी पॉलिस्टर दोऱ्याने नागमोडी टाके घातले आणि दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली. सरळ टाका घातला असता तर भोकांच्या रांगेवर कापड पुन्हा फाटलं असतं, असं त्यांनीच सांगितलं. माळावरचे काटे वेचण्यात उरलेली संध्याकाळ गेली.

१३ एप्रिल, नवापूर

मामेभावाच्या आग्रहाने उकाईच्या फुगवट्यावर गेलो. तापीवर गुजरातेत उकाई धरण झालं १९७२ साली, त्याचं पाणी मागे नंदुरबार जिल्ह्यापर्यंत पसरलंय. दिसायला फार सुंदर. एप्रिलात पाणी मागे सरकलेलं, काठावर चिखल वाळून तडकलेला, आणि पाण्याच्या रेषेत काळी खुंटं डोकं काढून उभी. धरण भरलं तेव्हा बुडालेली झाडं ती. पाणी चढल्यावर हीच खुंटं पृष्ठभागाखाली हातभर लपतात. थर्माकोलचे तुकडे तरंगत होते, त्यांच्याखाली मासेमारीची जाळी. काईटच्या दोऱ्या जाळ्यात गुंतल्या तर माणूस दोन्हीमध्ये अडकतो.

वाराही मोजला. एका मिनिटात ६ नॉट, १७ नॉट, ९ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). पश्चिमेला टेकड्या आहेत, वारा त्यांच्यावरून गडगडत येतो. खडकाळ ओढ्याचं पाणी जसं प्रत्येक दगडाशी फुटतं तसाच जमिनीवरून आलेला वारा फुटलेला असतो. काईटची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. १५ नॉटचा वारा झुळकेत २१ झाला तर ओढ दुप्पट, ६ चा १७ झाला तर आठपट. अशा वाऱ्यात नवशिका माणूस, काठावर बोट नाही, मदत करणारा नाही, परवानगी कोणाची घेतलेली नाही. मी स्पष्ट नाही म्हटलं. मामेभाऊ थोडा नाराज झाला. मग त्यानेच यंत्र हातात घेतलं आणि आकडे एकामागून एक वाचत राहिला. परतीच्या वाटेवर धरणाचा विषय त्याने काढला नाही.

पोहण्याचं मात्र इथे जमतं. आम्ही सगळे विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलो, त्यामुळे पाण्याची भीती नाही. पण विहिरीत चार हातांवर कठडा असतो. म्हणून तलावात लाइफ जॅकेट घालून लांब पोहणं, पाठीवर तरंगत श्वास शांत करणं आणि एका हाताने पोहताना दुसऱ्या हातात फळी धरणं, हे तीन सराव भाचीने ठरवून दिले. पोहण्यात ती आम्हां दोघांच्या पुढे आहे.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

आक्का माहेरी आलीय. झोक्यावर गाणी चालू. जेवताना तिने विषय काढला, पोरीला एवढ्या लांब नेताय, बुडण्याचं काय? तिचा प्रश्न रास्त आहे. भाचीने आईला मोबाइलवर मार्सेयच्या शर्यती दाखवल्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काईटच्या शर्यती पहिल्यांदाच झाल्या आणि मुलींचं सुवर्ण ब्रिटनच्या एली आल्ड्रिजने घेतलं. मग तिने क्विक रिलीज, म्हणजे काईटपासून झटकन सुटायची कळ, आईच्या हातात दिलं आणि ते ढकलायला लावलं. एका धक्क्यात बार सुटतो, काईट एका दोरीवर लटकून निर्जीव होतो. तरीही सुटका हवी असेल तर दुसरा धक्का, मग काईट माणसाला सोडून जातो. आक्काने ते तीन-चार वेळा करून पाहिलं. "हाई तर सोपं शे," म्हणाली, आणि मला, "पोरले सांभाळजो रे भो."

आबांचा प्रश्न वेगळा : "आठे इतला वारा शे, मंग समुद्रले कसाले जातस?" उत्तर लांब होतं. मी त्यांना फुगवट्यावरचे आकडे वाचून दाखवले. वादळात आडव्या झालेल्या केळीबागा त्यांनी पाहिल्यात, वाऱ्याचे हिसके त्यांना समजावून द्यावे लागत नाहीत.

२८ मे

पाऊस यंदा फारच लवकर. केरळात २४ तारखेला, मुंबईत २६ ला. कांदा झाकायची धावपळ, सराव बंद.

बसल्या बसल्या जागेचा निर्णय केला. कोकण जवळ आहे, मग तिथे का नाही? कोरड्या महिन्यांत कोकणात वारा असतो तो दुपारचा. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, समुद्राची गार हवा आत येते. हा वारा गोड, पण बहुतेक दिवशी काईटला हलका पडतो. पावसाळ्यात वारा भरपूर, तर समुद्र खवळलेला आणि वारा थेट किनाऱ्यावर आपटणारा. काईट आणि माणूस दोघांनाही दगडांकडे ढकलणारा वारा नवशिक्याच्या कामाचा नाही.

तामिळनाडूच्या दक्षिण टोकाला याच महिन्यांत चित्र वेगळं. तोच मोसमी वारा घाट ओलांडून पलीकडे कोरडा होऊन उतरतो आणि मन्नारच्या आखातावरून रामेश्वरमच्या बेटाकडे जातो. पाऊस नगण्य, वारा दिवसचे दिवस. समोर श्रीलंकेत कल्पिटियाला मे ते ऑक्टोबर लोक काईट घेऊन जमतात तेही या वाऱ्यासाठीच. ठरलं : कन्याकुमारीपासून किनाऱ्याने वर रामेश्वरमपर्यंत.

२२ जून

साइटवर आता वाऱ्याचे दिवस. चढण्याची कामं कमी, लक्ष स्क्रीनवर. संध्याकाळी काईटच्या मापांचा तक्ता केला. माझं वजन ७४ किलो, भाचीचं ५२. पंधरा-सोळा नॉटला मला १२ चौरस मीटर, तिला ९. वीस नॉटला मला ९ किंवा १०, तिला ७. आमच्या भाषेत सांगायचं तर १५-१६ नॉट म्हणजे सेकंदाला ८ मीटर, ताशी २९ किलोमीटर. हा तक्ता सपाट पाण्यावरच्या सरळ वाऱ्याचा. हिसके असतील तर एक माप खाली यायचं, आणि बारावर उभा काईट अंगाला वर उचलू लागला तर काहीही न बोलता उतरवायचा.

१२ ऑगस्ट, मुप्पंदल

श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट संपेपर्यंत घरातून निघायची सोय नव्हती. पौर्णिमा झाली आणि एसटीने पुणे, तिथून कन्याकुमारी एक्सप्रेस. कळण्याची भाकरी आणि ठेचा सोबत. पालक्काडच्या खिंडीत गाडी आली तेव्हा मी दारात उभा होतो. सह्याद्रीची भिंत इथे तुटते आणि वारा पलीकडे मोकळा सुटतो.

तशीच दुसरी, लहान खिंड अरलवायमोळीची, आणि तिच्या तोंडाशी मुप्पंदल. चक्क्याच चक्क्या. लहान जुन्या, जाळीच्या मनोऱ्यांवरच्या, आणि त्यांच्यामधून नव्या उंच. माझ्या धंद्यातल्या माणसाने एकदा तरी इथे यावं. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर पेला टेकवला तर सरकत होता. टपरीवाल्याने पेल्यांच्या रांगेपुढे विटा रचल्या होत्या, आणि विटांच्या मागे, बोटभर जागेत, चहावर तरंगसुद्धा नव्हता. भाचीने विटेपासून पेला हळूहळू मागे नेत तरंग कुठे सुरू होतो ते पाहिलं. माळावरचा दहापटीचा नियम टपरीवर तपासून झाला.

वारा एवढा, मग इथेच का नाही उतरायचं? कारण हा खिंडीतून दाबून निघालेला, जमिनीवरून आलेला वारा आहे. आणि कन्याकुमारीच्या पूर्वेच्या किनाऱ्यावर तो पाठीमागून, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. नवशिक्याचा काईट पडला तर वारा त्याला खोल पाण्यात घेऊन जाणार. काईटसाठी चांगला वारा किनाऱ्याला समांतर किंवा किंचित आतल्या बाजूचा.

१३ ऑगस्ट, मणप्पाड

एसटीसारख्याच खडखडणाऱ्या बसने किनाऱ्याचा रस्ता. दोन्ही बाजूंना ताड, लाल वाळू, मधेच बकऱ्या. मणप्पाडला समुद्रात घुसलेला वाळूचा उंचवटा आहे, वर होली क्रॉसचं चर्च, खाली कोळ्यांची वस्ती. उंचवट्याच्या एका बाजूला लाटा फुटत होत्या, दुसऱ्या बाजूला खाडी गुळगुळीत. एकाच ठिकाणी अशी दोन पाणी दिसली की वारा कुठून येतोय ते विचारावं लागत नाही. तिथे दोघेजण काईट उडवत होते, सरावलेले. आम्ही काठावर बसून दोऱ्यांचा कोन बघत राहिलो. वर हिसका बसला की त्यांचे गुडघे आधी वाकत होते, हात नंतर हलत होते. मामेभावाने हे वहीत लिहायला सांगितलं.

उडंगुडीचा ताडगूळ घेतला. आबांसाठी म्हणून घेतलेला थोडा बसमध्येच संपला. पुढे तिरुचेंदूर, तूतुकुडीची मिठागरं, मग रामनाथपुरम. दिवसभराचा प्रवास, लिहिण्यासारखं वेगळं काही नाही.

१४ ऑगस्ट, रामेश्वरम

पांबन ओलांडलं. जुना रेल्वेपूल १९१४ चा, त्याच्या शेजारी नवा, याच वर्षी ६ एप्रिलला सुरू झालेला, मधला भाग सरळ उभा वर उचलला जातो. जुन्या पुलावर वारा ताशी ५८ किलोमीटरच्या पुढे गेला की गाड्या थांबवत. वारा मोजून रेल्वे चालवणारी जागा, म्हणून मला ती लगेच आपली वाटली.

प्रशिक्षण देणारे दोघे इथल्याच कोळ्यांच्या घरचे. बोलणं हिंदी, इंग्रजी आणि हातवारे मिळून. किनाऱ्यावर गेल्या गेल्या मी यंत्र धरलं : १६, १७, १७, १६, १८. मामेभावाने माझ्या हातातून घेऊन पुन्हा पाहिलं. १७. फुगवट्यावर एका मिनिटात तिपटीने हलणारा आकडा इथे दोन नॉटच्या आत राहत होता. मन्नारच्या आखातावरून सलग येणाऱ्या वाऱ्याला फोडायला वाटेत काहीच नाही. गेले सहा महिने मी हे कागदावर लिहीत होतो, पण यंत्रावर बघताना खरोखर भरून आलं.

१५ ऑगस्ट

मोठा काईट पहिल्यांदा जवळून. पुढच्या कडेला मांडीएवढी नळी, तिला आडव्या बारीक नळ्या, पंपाने हवा भरायची. नळीवर टिचकी मारली की टण्ण आवाज आला पाहिजे, भद्द आला तर अजून हवा. ही फुगणारी नळीच या खेळाचा पाया. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या ब्रुनो आणि दोमिनिक लगेन्यू या भावांनी तिचं पेटंट १९८४ मध्ये नोंदवलं. त्याआधी काईट पाण्यात पडला की भिजून बुडायचा, आता तो तरंगतो आणि पाण्यावरूनच परत उठवता येतो.

हवा भरल्यावर काईट पालथा, नळी वाऱ्याकडे, कापडावर वाळूचे ढीग. चार दोऱ्या एकेक करून चालत मोकळ्या करायच्या. मधल्या दोन हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, ओढ देतात, कडेच्या दोन दिशा देतात. डावी-उजवी अदलाबदल झाली तर काईट उठताच उलटा वळून जमिनीवर आपटतो, म्हणून प्रत्येक गाठ दुसऱ्या माणसाने बघायची. खुणा ठरलेल्या : अंगठा वर म्हणजे सोड, डोक्यावर थापटलं म्हणजे उतरवायचाय.

१६ ते १८ ऑगस्ट

पहिले दोन दिवस बोर्ड हातात दिलाच नाही. नुसतं शरीर पाण्यात आणि काईट हवेत. आधी वाऱ्याबरोबर ओढून घ्यायचं, मग एक हात पाण्यात सुकाणूसारखा ताठ धरून वाऱ्याच्या तिरकं वर सरकायचं. बोर्ड निसटला तर वारा आपल्याला त्याच्यापासून दूर नेतो, आणि तो परत गाठायचा हाच मार्ग. मग मुद्दाम काईट पाण्यात पाडणं आणि उठवणं. शेवटी स्वतःची सुटका : क्विक रिलीज, दोऱ्या बारवर गुंडाळत काईटपर्यंत पोचणं, नळी पोटाशी धरून काईटचं शीड करून काठाला येणं. मामेभाऊ या सरावात सगळ्यांत शांत होता. फुगवट्यावर उतरायला निघालेला माणूस तो, आणि आता काठावर नवीन आलेल्यांना आधी सुटका शिका म्हणून सांगत होता.

तिसऱ्या दिवशी बोर्ड. पाण्यात बसून पाय पट्ट्यांत, काईट बारावर, मग तो झटकन एक-दीडपर्यंत खाली. ओढ येते त्या क्षणी उभं राहायचं नसतं, ओढीला आपल्याला उचलू द्यायचं असतं. माझे दंड सारखे बार जवळ ओढत. बार जवळ म्हणजे ताकद जास्त, लांब सोडला की कमी. प्रशिक्षक काठावरून ओरडत, सोडा, सोडा. भाची उठली आणि काठाला समांतर लांबवर गेली. तिच्या बोर्डच्या टाचेकडच्या कडेने पाण्यात एक पातळ पांढरी रेघ निघत होती. ती रेघ वाऱ्याकडे तिरपी व्हायला लागली की माणूस निघाला तिथेच परत येऊ शकतो. तिची अजून वाऱ्याखाली झुकत होती, त्यामुळे बोर्ड काखेत मारून वाळूतून चालत परत. त्या चालण्यातही ती हसत होती.

उथळ पाण्यात बांबूचे चौकोनी तराफे बांधलेले, त्यांना दोऱ्यांवर समुद्रशेवाळाची लागवड. बाया छातीभर पाण्यात काम करत होत्या. प्रशिक्षकांनी आमची हद्द तराफ्यांच्या बऱ्याच अलीकडे आखली. आमची मौज त्यांच्या रोजगारावर जाऊ नये, हे मला पटलं. पाल्कच्या उपसागरात पाण्याखाली समुद्री गवताची कुरणं आहेत. तिथल्या डुगाँगसाठी, म्हणजे हे गवत खाणाऱ्या समुद्री सस्तन प्राण्यासाठी, २०२२ मध्ये राखीव क्षेत्र जाहीर झालं. मन्नारच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाची २१ बेटं. काईट घेऊन कुठेही सुटायची ही जागा नव्हे.

१९ ऑगस्ट, धनुष्कोडी

शेवटच्या दिवशी काईट न घेता गेलो. डावीकडे पाल्क, उजवीकडे मन्नार, मधे रस्त्याची आणि वाळूची पट्टी. वारा एका समुद्राकडून येतो, पट्टी ओलांडतो आणि दुसऱ्याकडे जातो. मन्नारच्या बाजूला लाटा, पाल्कच्या बाजूला जवळपास सपाट पाणी. श्रीलंका इथून तीसेक किलोमीटर.

चर्चच्या उघड्या भिंती, स्टेशनचे अवशेष. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात गाव गेलं, स्टेशनकडे येणारी आगगाडी प्रवाशांसह गेली. भिंती पोवळ्याच्या दगडांच्या आहेत, जवळून पाहिलं की दगडात पोवळ्याची नक्षी तशीच दिसते. भाचीने विचारलं, तेव्हा वारा मोजला असेल का कोणी? मी काही बोललो नाही. रोज ज्या वाऱ्याच्या जोरावर आपण जगतो तो काय करू शकतो हे इथे उभं राहून समजलं, आणि २५ मीटरला थांबणाऱ्या मशीनचा मला आदर वाटला.

३१ ऑगस्ट, साक्री

पोळ्याला घरी पोचलो, आबांना दिलेला शब्द पाळला. बैलांची मिरवणूक झाल्यावर त्यांनी माळावर येऊन ट्रेनर काईटचा बार हातात घेतला आणि बराच वेळ बारावर धरून ठेवला. बैलांचे कासरे धरलेले हात, ओढ आली की किती सोडायचं ते त्यांना ठाऊक आहे.

१४ सप्टेंबर

पुढचं काम. आश्रमशाळेच्या मैदानाच्या पश्चिमेला इमारत आहे, उंची सहा मीटर, म्हणून सराव मैदानाच्या पूर्व टोकाला. मामेभावाने मुख्याध्यापकांना अर्ज दिलाय. पालकांच्या संमतीचे कागद मराठीत आणि अहिराणीत, दोन्ही भाची लिहितेय. हेल्मेट सगळ्यांना, हातमोजे सगळ्यांना, १२ नॉटच्या वर वारा असेल तर लहान मुलांना बार द्यायचा नाही. ट्रेनर काईट शिवलेल्या जागी पुन्हा तपासून घ्यायचा. ताडपत्रीवाल्या मामांना पुढच्या आठवड्यात गाठतो, त्यांच्याकडे दुसऱ्या काईटच्या पिशवीचंही काम आहे.